पालकांची सराव परीक्षा

पर्सेंटाइल ही मुलांना होणारी आणि आईबापांना भोवणारी अवस्था आहे. आमच्या तेजश्रीला सीईटीच्या सराव परीक्षेत एकाहत्तर झाली, तेव्हा मी तिच्याशी बोलणं बंद केलं. (हा उपाय मला कोणी शिकवला नाही. बाप झालं की तो आपोआप येतो.) पुण्याला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, हे मी तिच्या बारशालाच ठरवून ठेवलं होतं. वरवंडला आमचं खतांचं दुकान. त्या आठवड्यात मी गिऱ्हाइकांनाही पोतं बोटानंच दाखवलं.

दौंडला तिचा क्लास आहे. तिथल्या रविराज सरांना असे मौनी पालक बरेच भेटले असावेत. त्यांनी एका रविवारी पालकांचीच सराव परीक्षा ठेवली. मुलांचाच पेपर, मुलांचीच वेळ. चुकलं तरी मार्क कापणार नाहीत म्हटल्यावर आम्ही निर्धास्त झालो. मी तर बारावी सायन्स. शिवाय ‘त्यात काय अवघड असतं?’ हे वर्षभर मीच तेजश्रीला विचारत होतो.

पहिला प्रश्न वाचून मी पाणी प्यायलो. दुसरा वाचून बाहेर जायची परवानगी मागितली. ती मिळाली नाही, म्हणून पुढं सगळीकडे ‘क’चा गोल काळा केला. शेजारी दूध सोसायटीचे चेअरमन बापूसाहेब मान वर न करता लिहीत होते. त्यांनी सगळीकडे ‘ब’ केला होता (एकमताने).

निकाल संध्याकाळी फळ्यावर लागला. माझी पर्सेंटाइल सहा. हॉलमध्ये आम्ही पन्नास जण, म्हणजे माझ्या मागे तिघं. त्यातले दोघं उशिरा आले होते, तिसरे झोपले होते. बापूसाहेबांनी तिथंच ठराव मांडला: पेपर पोर्शनबाहेरचा होता, पालकांना ग्रेस मार्क द्यावेत, आणि निकाल पाहुण्यांत सांगू नये. टाळ्या वाजवून मंजूर झाला.

घरी मी जेवलो नाही. तेजश्री ताट घेऊन आली, शेजारी बसली, आणि मोबाईलवर गेल्या वर्षीचे कटऑफ बघू लागली.

“आप्पा, पुण्यात न्हाई बसत तुमचं,” ती हळूच म्हणाली. “पन जेवा. मार्क कितीबी पडू द्यात, मी बोलनं न्हाई टाकायची.”

ती चिडवत असती तर बरं झालं असतं. ताट पुढं ओढलं. मग मी तिला विचारलं, पुढं काय करायचं तुझ्या मनात आहे? सतरा वर्षांत हा प्रश्न माझ्याकडून राहून गेला होता. ती म्हणाली, कृषी. मातीचं शिकायचंय.

मी लगेच होकार दिला, आणि तेवढ्याच तातडीनं तिच्यासाठी पुण्याचं कृषी कॉलेज ठरवून टाकलं. तिथं किती लागतात ते उद्या बघणार आहे.

वाचकहो, पर्सेंटाइलमध्ये निम्म्या लोकांना पन्नासच्या खाली बसावंच लागतं. तो हिशेबाचा नियम आहे, त्यात कोणाचा दोष नाही. आपण वरच्या निम्म्यात असतो, असं तुम्हाला आत्ता वाटून गेलं. पेपर हातात पडेपर्यंत हॉलमधल्या पन्नासही जणांना तसंच वाटत होतं.