मुडबीकर लिंगाप्पांचे कमरेतील पांढऱ्या ठिपक्याची कैफियत

श्री॥ मुडबी गावचे शाळकरी मंडळींनी फर्माविले की, लिंगाप्पा मेंढपाळ तीन दिवस अन्नावाचून का राहिले, ते आम्हांस समजेसे लिहोन द्यावे. त्याजवरून वर्तमान ऐसे जे :

शके १९४७, मार्गशीर्षमासी लिंगाप्पांचे पोटात मुतखड्याने बंड केले आणि बिदरास सीटी स्कॅन जाहला. खडा तो सापडलाच, परंतु कमरेचे हाडात एक पांढरा ठिपका एकटाच ठाणे देऊन बसलेला नजरेस आला. मग डॉक्टर पल्लवीबाई, स्कॅन वाचण्यात मातबर, यांनी कायदा उघडिला. ऐशा एकट्या डागास वर्ग चार : पहिला गरीब, त्यास छेडू नये, दुसरा, ज्याची माहिती अपुरी, तिसरा, ज्यावर नजर ठेवावी, चौथा संशयी, ज्याचा सुईने तुकडा काढोन जबाब घ्यावा. आमचा ठिपका दुसऱ्यात पडला आणि हुकूम सुटला की, सहा वर्षांमागे लिंगाप्पा टेम्पोतून पडले तेव्हाची कमरेची एक्स-रे फिल्म हजर करावी. ठिपका तेव्हाही एवढाच असेल तर पहिला वर्ग.

लिंगाप्पांनी 'डाग' एवढेच ऐकिले आणि कर्करोग समजोन, मेंढरे भावाचे हवाली करोन, घोंगडी ओढोन तीन दिवस उपाशी निजले. त्यांचे कुटुंब अनसाबाई गरजल्या, “डाक्टरीन अजून काई बोलली न्हाई, तुमी कामून आधीच मरायलाव?”

मग संदूक धुंडाळिली, माळा धुंडाळिला आणि अखेर फिल्म भिंतीतील देवळीत गवसली. परंतु घात! सूनबाई मंगल यांनी तापल्या सुईने एकोणपन्नास भोके पाडोन रांगोळीचा छाप केला होता.

तैसीच ती सासू, सासरे आणि सून यांनी बिदरास नेली. पल्लवीबाईंनी उजेडाचे पेटीवर लाविली, तो ठिपक्यांचे लष्कर लखलखले. हाडातला ठिपका पांढरा आणि भोकेही पांढरी. घरचा कोण, परका कोण, उमगेना. बाई मंगलबाईंस म्हणाल्या, “अक्का, मी एक ठिपका शोधायलेय, आन् तू आख्खं आभाळ आणलीस की!” लिंगाप्पांचे तोंड राखेसारखे जाहले.

तेव्हा मंगलबाई पदर खोचोन पुढे सरल्या. “मॅडम, माजे सात ठिपके, सात ओळी. वाकडा एक बी न्हाई. ह्यो ओळ सोडून बसलाय, ह्यो माजा न्हाई. मामांचा हाय.”

बाईंनी त्यावर नख फिरविले, भोक नाही. मग नवे चित्र शेजारी धरिले आणि मापे घेतली. सहा वर्षांत तिळभर वाढ नाही.

लिंगाप्पांनी हळूच पुसिले, “मंजे म्या ऱ्हातो व्हय?”

“ऱ्हाताव की, अण्णा,” पल्लवीबाई म्हणाल्या, “ठिपका बी ऱ्हातोय.”

मग लिंगाप्पांनी दवाखान्याचे पायरीवरच अनसाबाईंचे गाठोडे सोडोन चार भाकऱ्यांचा फडशा पाडिला आणि पल्लवीबाईंनी सनद लिहोन दिली, ती येणेप्रमाणे : वर्ग पहिला. सुई माफ. पुढील तपास माफ. ठिपक्यास कमरेतील आठ मिलिमीटर जागा वतन. लिंगाप्पा नांदतील तोवर त्याने तेथेच नांदावे, वाढू नये, फौज जमवू नये. ऐसी फत्ते जाहली.