मांडीवर कोणीही बसणार नाही

आमच्या घरात लहान मुलांना माणसांत धरत नाहीत. बसची तिकिटं काढायची असोत की रिक्षा ठरवायची असो, बाबा फक्त मोठी डोकी मोजतात आणि पोरांविषयी एकच वाक्य बोलतात, "ती काय, मांडीवर बसतील." मला मिशी फुटेपर्यंत मी कुणाच्या ना कुणाच्या मांडीवर प्रवास केला आहे. या लोकांवरचा माझा राग तिथूनच सुरू झाला असावा.

म्हणून दादाने परदेशी सहल ठरवली तेव्हा तिकडच्या विमानतळावरून हॉटेलवर नेणारी गाडी ठरवायचं काम मी हिसकावून घेतलं. दादाची मुलगी बालवाडीत, मुलगा अजून रांगणारा. बाबांच्या मते आधीपासून गाडी ठरवणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग.

"बाहेर पडलं की गाड्या उभ्याच असतात. चौघांना विचारायचं, पाचव्याच्या गाडीत बसायचं."

"तिकडे मुलांना वेगळी सीट लागते. कायदा आहे."

"तुम्हा दोघांना मी स्कूटरवर वाढवलं."

"म्हणूनच दादा असा झालाय."

(दादा समोरच बसला होता. मोबाइलमधून मान वर न करता त्याने ते मान्य केलं.)

बाबांनी चष्मा काढला. चष्मा निघाला की विषय कुठलाही असो, तो माझ्या कॉलेजवर येऊन थांबतो. इंजिनिअरिंग मी अर्ध्यात सोडलं. शिकवणाऱ्यांनाच काही येत नव्हतं आणि तसं मी त्यांच्या तोंडावर सांगून आलो. बाबांना पहिला भाग पटतो, दुसरा पचत नाही.

"ज्याला एक परीक्षा पार करता आली नाही, तो आम्हाला समुद्रापार नेणार?"

"पैज लावा. सगळे सुखरूप, वेळेवर हॉटेलवर पोचले, तर कॉलेज हा शब्द या घरात पुन्हा निघणार नाही."

"आणि नाही पोचले, तर मुकाट्याने परत प्रवेश घ्यायचा. हिचीसुद्धा साक्ष आहे."

आईने कणीक मळता मळता साक्ष दिली.

मी तिथेच, सगळ्यांच्या देखत, बुकिंगला बसलो. एकेकाकडे बोट दाखवत मोजलं. बाबा, आई, दादा, वहिनी, मोठी, धाकटा. सहा सीटची गाडी, त्यात दोन लहान मुलांच्या सीट, मागे बॅगा आणि बाबागाडी मावेल एवढी जागा, हातात पाटी घेतलेला ड्रायव्हर.

"सहा कशाला?" बाबा म्हणाले. "आपण पाच माणसं."

"बाबा, मुलंसुद्धा माणसंच असतात."

"पण पाच..."

"तुमची सगळी पिढीच अशी. मुलांना मोजायचं नाही, त्यांचं ऐकायचं नाही, आणि मोठी झाली की विचारायचं, आमच्याशी बोलत का नाहीस?"

बाबा गप्प बसले. त्यांना गप्प करण्याचा आनंद मला फार क्वचित मिळतो, त्यामुळे मी तो चवीने घेतला. बुकिंगचं बटणही त्याच भरात दाबलं.

आणि सांगतो, सगळं चोख झालं. विमान वेळेवर उतरलं. पाटीवर नाव शुद्ध. ड्रायव्हर पांढऱ्या शर्टात, उंच आणि शांत. धाकट्याची सीट पाठमोरी, मोठीची तिच्या उंचीची. बाबागाडी घडी होऊन अशी आत गेली, जणू त्या जागेतच तिचा जन्म झाला होता. बाबांनी टायर पाहिले, पट्टे ओढून पाहिले, खोट सापडेना तशी मान खाली गेली. वहिनी म्हणाली, "भावजी, मानलं तुम्हाला." एकेकाला बसवून मी दारं लावली आणि शेवटी माझ्या दाराशी गेलो.

माझं दार नव्हतं.

ड्रायव्हरने मोबाइलवर आकडा दाखवला, मग गाडीतल्या सीट दाखवल्या. दोन्ही बरोबर जुळत होते. नडत होतो फक्त मी.

पुढच्या सीटवरून बाबांनी काच खाली केली. "ये, मांडीवर बस."

ड्रायव्हरने मान हलवली. त्याला मराठी येत नव्हतं, पण मांडी थोपटण्याचा अर्थ त्याला कळला होता.

"मी पाच म्हणालो होतो," बाबा शांतपणे म्हणाले. "माझ्या पाचांत तू होतास. तुझ्या सहांत तू नव्हतास."

(मोजणारं बोट माझंच होतं. ते उलटं वळवायला हवं, हे कुठल्याही कॉलेजात शिकवत नाहीत.)

गाडी गेली. मोठीने मागच्या काचेतून टाटा केला.

बाहेर चौघांना विचारून दुसरी गाडी करायला मी काही बाबांचा मुलगा नाही, म्हणजे आहे, पण त्या बाबतीत नाही. मी बसने निघालो. बस उलट्या दिशेची निघाली. संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत शिरलो, तेव्हा सगळे आंघोळी करून, जेवून पाय पसरून बसले होते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि सावकाश चष्मा काढला.

मी मात्र डगमगलो नाही. "सगळे पोचलात ना? सुखरूप? वेळेवर? मग पैज मी जिंकलो."

"सगळे?" दादाने आयुष्यात पहिल्यांदा मोबाइल खाली ठेवला. "सगळे म्हणजे कोण कोण?"

मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात धाकट्याचं डोकं पुसता पुसता साक्षीदार बोलली.

"बास झालं आता. परत गेल्यावर प्रवेशाचा अर्ज भरशील. फक्त तेव्हा कुणीतरी याच्या शेजारी बसा रे, नाहीतर स्वतःला सोडून आपल्या सगळ्यांना कॉलेजात घालेल."