अठ्ठावन्न गुणांचा रस्ता

"तपासणी होईपर्यंत त्या खड्ड्यांना हात लावू नका हं," खालच्या मजल्यावरच्या इंजिनियरकाकू मला म्हणाल्या होत्या. त्या पालिकेच्या रस्ते विभागात. शहरातल्या प्रत्येक रस्त्याला शंभरपैकी गुण देणं हे त्यांचं काम. चाळीसच्या खाली गेला तर रस्ता नवा होणार. वर राहिला तर तो 'बरा', म्हणजे पाच वर्षं तिकडे कुणी फिरकणार नाही.

मी मान डोलावली आणि विसरले. माझं सगळं लक्ष बाबागाडीच्या पुढच्या चाकावर. सासरे रोज दुपारी सात महिन्यांच्या नातीला गल्लीत फिरवून झोपवून आणत, आणि मी गॅलरीत खड्ड्याखड्ड्याला श्वास रोखून उभी.

"बाबा, गाडी उलटली तर?"

"उलटते कशी! खड्डेच बुजवतो ना."

रविवारी त्यांनी विटांचे तुकडे आणि सिमेंट घालून, थापी फिरवून सगळे खड्डे असे गुळगुळीत केले, की मी त्यांना दोनदा चहा दिला. सोमवारी तपासणीची गाडी आली. गुण पडले अठ्ठावन्न.

काकू जिन्यातच भेटल्या. "चांगला नापास होत होता गं! तुम्ही पास करून ठेवलात."

'बऱ्या' रस्त्याला बक्षीसही मिळालं. हमरस्त्याचं काम निघताच तिथले ट्रक आमच्या गल्लीत वळवले. आठ दिवसांत सिमेंट उडालं, खड्ड्यांना पिल्लं झाली. मी अर्जावर अर्ज केले, बाबांनी थापी माळ्यावर टाकली. फेरतपासणीत एकोणीस गुण पडले, तेव्हा नात पहिली आल्यासारखी त्यांनी बिल्डिंगभर बातमी सांगितली.

नवा रस्ता झाला, आरशासारखा. बाबागाडी अलगद गेली, अलगद आली, आणि आत नात टक्क जागी! तिसऱ्या दिवशी तिनं रडून घर डोक्यावर घेतलं. तेव्हा कळलं, इतके दिवस तिला झोप आजोबांच्या गाण्यानं नव्हे, गचक्यांनी लागत होती.

"काकू, जवळपास एखादा नापास रस्ता...?"

काकूंनी यादी चाळली. "पाण्याच्या टाकीमागची गल्ली. मागच्या वेळी जेमतेम पास झाली होती, यंदा नक्की जाते. गुरुवारी तपासणी आहे. पण तुझ्या सासऱ्यांना सांग बाई..."

"सांगते, सांगते!"

चार दिवस नात गाढ झोपून येतेय. बाबा मात्र तिकडच्या बायकांना सिमेंटचं प्रमाण समजावत बसतात म्हणे. आज बुधवार. दोन तास झाले, ते परतले नाहीत. फोन इथेच टेबलावर वाजतोय, आणि माळ्यावर थापी दिसत नाहीये.

तुम्ही टाकीमागे राहत असाल, तर जरा खिडकीतून डोकावून बघाल का?