घराची गाणी आणि तिसरी पायरी

"दोनच रविवार," असं बायको म्हणाली होती आणि टाइमकीपरांनी ते खरं मानलं. बस डेपोत चौतीस वर्षं गाड्या सुटायच्या वेळा लिहून निवृत्त झालेला माणूस. दोन म्हटलं की दोनच. बायकोच्या गायनमंडळाच्या हॉलचं छत गळत होतं. त्याची दुरुस्ती होईपर्यंत तालमीला जागा हवी होती.

"माणसं किती?" त्यांनी विचारलं.

"आहेत आपली थोडीशी."

आली चोवीस. त्यांच्या चपलाच जिन्याच्या वळणापर्यंत गेल्या.

मंडळाने कार्यक्रम बसवायला घेतला होता 'घर' या विषयावर. कुठून कुठून येऊन या शहरात राहिलेली माणसं. प्रत्येकाने आपल्या भाषेतलं घराचं गाणं आणायचं आणि बाकीच्यांनी ते शिकायचं. नर्सबाईंचं गाणं बेटाचं, शिंपीदादांचं बर्फात बुडालेल्या दाराचं, उंच ट्रकवाल्याचं विहिरीचं. शिवाय गाणं बसवणाऱ्या बाईंचा एक नियम होता. गाण्याआधी ज्याचं गाणं त्याने उभं राहून घराची आठवण सांगायची. सांगणारा रडायचा, मग ऐकणारे रडायचे, मग नाकं पुसून गाणं सुरू. एका गाण्याला सहज पाऊण तास जायचा.

टाइमकीपरांचं मागणं फार मोठं नव्हतं. रविवारी दुपारी जेवून आपल्या घरात निवांत आडवं व्हायचं, बस्स. पहिल्या रविवारी दिवाणखाना गेला, तेव्हा ते झोपायच्या खोलीत गेले. दुसऱ्या रविवारी बाईंनी बारीक आवाजवाल्या सहा जणींना वेगळ्या तालमीसाठी नेमकं तिथेच पाठवलं. मग ते स्वयंपाकघरात गेले. तिथे चहाचं आधण टाकून शिंपीदादा तान घेत उभे. राहता राहिली न्हाणी, तर आतून ट्रकवाला विहिरीचं गाणं म्हणत होता. तिथे म्हणे आवाज छान घुमतो.

"काका, यायचंय का आत?" त्याने अदबीने विचारलं.

"नको, चालू द्या," असं म्हणून टाइमकीपर जिन्यावर जाऊन तिसऱ्या पायरीवर बसले.

दोनाचे पाच रविवार झाले. हॉलचा गवंडी 'उद्या येतो' म्हणायचा आणि यायचा नाही. सहाव्या रविवारी डोक्यावरून पाणी गेलं आणि टाइमकीपरांनी पायरीवर बसूनच नगरपालिकेला निनावी तक्रार लिहिली.

पुढच्याच रविवारी पालिकेचे साहेब आवाज मोजायचं यंत्र घेऊन हजर! टाइमकीपरांना उकळ्या फुटत होत्या. पण चेहरा साळसूद ठेवून त्यांनी साहेबांना आत सोडलं. साहेबांनी यंत्र टेबलावर ठेवलं. ट्रकवाल्याने विहिरीचं गाणं सुरू केलं. साहेब आकडा बघता बघता थबकले.

"थांबा," ते म्हणाले. "हे गाणं माझी आत्या म्हणायची. तुम्ही दुसरं कडवं गाळलंत."

"मला तेवढंच येतं हो," ट्रकवाला कळवळून म्हणाला.

साहेबांनी टोपी काढली आणि दुसरं कडवं म्हणून दाखवलं. असा खर्जातला आवाज मंडळात कुणाचाच नव्हता. अहवालात त्यांनी लिहिलं: 'आवाज मर्यादेत आहे. खालच्या पट्टीत एक माणूस कमी पडत होता, तो भरून काढला.' म्हणजे चोवीसाचे पंचवीस झाले.

जाताना ते तक्रारीची प्रत घरात विसरले. त्यावर सही नव्हती. पण 'गोंगाट सुरू: चार वाजून सात मिनिटं' असं लिहिलेलं होतं. बायकोने ते वाचलं, घडी घालून डब्याखाली ठेवलं आणि रात्री फक्त खिचडी वाढली.

आठव्या रविवारी चष्मा आत राहिला म्हणून ते दबकत दिवाणखान्यात शिरले. नेमक्या नर्सबाई बोलून खाली बसत होत्या.

"आज काकांनी सांगावं," गाणं बसवणाऱ्या बाई म्हणाल्या. "घराबद्दल."

"मी काय सांगणार? माझा जन्म याच गल्लीतला."

"तरी सांगा ना."

मग मात्र त्यांचा बांध फुटला. "ऐका तर. माझं घर मला दिसतं, पण मला त्यात जागा नाही. जाईन त्या खोलीत कुणीतरी आधीच असतं. सगळे माझ्याशी गोड बोलतात, पण कुणी 'बसा' म्हणत नाही. स्वतःच्या दाराबाहेर बसून मी आतली गाणी ऐकतो. आणि सगळी गाणी कशाची, तर घराची! अहो, मला माझ्या घरी जायचंय!"

बायकोने मान खाली घातली. ट्रकवाला डोळे पुसत उठला आणि त्याने टाइमकीपरांचे दोन्ही हात धरले.

"काका, आम्ही तुमचंच घर घेऊन बसलो की हो. आमच्यासारख्यांना तरी हे कळायला हवं होतं."

बाईंना इतकी शरम वाटली की त्यांनी तालीम तिथेच थांबवली. पंचवीस जण क्षमा मागून खाली उतरले. चपला शोधायलाच त्यांना बावीस मिनिटं लागली.

"झालं समाधान?" बायकोने विचारलं.

"झालं," टाइमकीपर म्हणाले, आणि ते खरंच झालं होतं.

पुढच्या रविवारी ते दिवाणखान्यात अंग टाकून झकास झोपले. कुणाला वाटेल त्यांना चुकल्याचुकल्यासारखं झालं असेल. छे, ते चक्क घोरत होते. चारला बेल वाजली. दारात ट्रकवाला, मागे साहेब, त्यांच्यामागे जिनाभर मंडळ. प्रत्येकाच्या काखेत एकेक घडीची खुर्ची.

"काका, तुम्ही म्हणालात तुम्हाला बसायला जागा नाही," ट्रकवाला म्हणाला. "आठवडाभर विचार केला. चूक आमचीच होती. आता आमच्या जागा आम्ही घेऊन आलोय."

"अहो, पण हॉल..."

"गवंडी उद्या येतोय."

टाइमकीपर काही बोलणार, तोच साहेबांनी त्यांना हाताला धरून दिवाणखान्याच्या अगदी मधोमध, सगळ्यात चांगल्या खुर्चीवर बसवलं. मग चहूबाजूंनी खुर्च्या उघडल्या गेल्या: आधी बारीक आवाजाच्या, मग जाड आवाजाच्या, दारापाशी खर्जाच्या. कुणाचे गुडघे त्यांच्या पाठीला, कुणाची वही त्यांच्या खांद्याला. बाईंनी हात वर केला.

"आजचं गाणं काकांसाठी," बाई म्हणाल्या आणि पंचवीस जणांनी त्यांच्याकडे बघत बर्फातल्या दाराचं गाणं धरलं. गाणं सुंदर होतं. टाइमकीपरांच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. पण रुमाल मागच्या खिशात होता, आणि तो काढायला उठायचं तर निदान अकरा जणांना उठवावं लागलं असतं.