आमच्या अंगणातली स्वच्छ हवा

सरकारी ऑफिसात मीटिंग चालू असताना हात वर करू नये. खांदा खाजत असेल तरी साहेब उठून जाईपर्यंत धीर धरावा. मी चौऱ्याऐंशी सालच्या मार्च महिन्यात हात वर केला, आणि त्याचं काय झालं ते आता तुम्हाला सांगायला बसलो आहे.

आमचं ऑफिस हवेतली धूळ मोजतं. पुण्यातल्या पाच चौकांत आमची यंत्रं आहेत. यंत्र म्हणजे पत्र्याचं, चार पायांवर उभं केलेलं, वर उतरतं छप्पर असलेलं एक खुराडं. आत मोटर असते. ती आठ तास हवा ओढते आणि ती हवा एका पांढऱ्या कागदातून जाते. कागद आधी वजन करून ठेवायचा, नंतर पुन्हा वजन करायचा. जेवढा जड झाला तेवढी हवेतली धूळ. असे कागद मी सहा वर्षं वजन करत होतो. (हवेचं वजन करतो म्हटल्यावर लग्नात शेजारी बसलेली माणसं जागा बदलतात, हा अनुभव आहे.)

त्या दिवशी साहेब म्हणाले, "शहराची स्वतःची धूळ किती, हे कळायचं तर शहराबाहेरची स्वच्छ हवाही मोजायला हवी. अशी जागा आहे का कुणाच्या माहितीत?"

मी हात वर केला. "साहेब, पौडला माझं घर आहे. आजूबाजूला डोंगर, भातखाचरं. तिथली हवा म्हणजे..." पुढचा शब्द सुचेना, म्हणून मी एक दीर्घ श्वास घेऊन दाखवला. साहेबांना तो पटला.

हात वर करायला दोन कारणं होती. यंत्र घरी आलं की आठवड्यातून दोन दिवस त्याच्याजवळ थांबावं लागणार, म्हणजे दोन दिवस सकाळची सहाची एस.टी. चुकणार. हे कारण मी ऑफिसात कुणाला सांगितलं नाही. दुसरं मात्र स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. ते कारण म्हणजे माझी बायको, आबेदा.

आबेदाला खोकला होता. आम्ही पुण्यात भवानी पेठेत एका खोलीत राहायचो तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, हवा बदला. मी हवेच्याच खात्यातला माणूस, मला एवढं पुरे झालं. महिन्याभरात खोली सोडून तिला अब्बांच्या पौडच्या घरी आणलं. तिला यायचं नव्हतं. पुण्यात तिच्याकडे स्टोव्ह होता, इथे चूल. इथे रेशनचं रॉकेल आठ दिवसांत संपायचं आणि मग ओलं सरपण. पण मी तिला म्हणालो, हवा बघ कशी आहे. तीन वर्षं झाली तरी ती खोकतच होती. मी सांगायचो, "पुण्याची धूळ आहे. निघेल हळूहळू."

"तीन वर्षं निघतीया?" ती विचारायची. "किती भरली व्हती म्हणायची?"

तर तिला आणून मी बरोबर केलं, हे मला आकड्यांत हवं होतं. खात्याचा शिक्का असलेल्या कागदावर.

यंत्र जीपमधून आलं. शेजारचा कोंडाजी कुंपणाला टेकून बघत होता. "नसीरभाय, कोंबड्या पाळतुया व्हय?"

"हवा मोजायची आहे."

"मोजून कुनाला द्यायची?"

मी वायर उलगडायला घेतली. ती आखूड होती आणि घरात जाड पिनेचा प्लग एकच, तो स्वयंपाकघराच्या भिंतीला. म्हणून यंत्र त्या भिंतीलगतच्या अंगणातल्या कट्ट्यावर बसवलं, वायर खिडकीतून आत घेतली. बटण दाबल्यावर ते असं किंचाळलं की कोंडाजीची म्हैस दावं तोडून शेजारच्या भुकूम गावाच्या दिशेने निघाली.

पहिला कागद आठ तासांनी काढला तेव्हा तो तव्यासारखा झाला होता. मी तो घडी घालून पाकिटात बंद केला आणि ऑफिसात वजन केलं. पुण्यातल्या सगळ्यात गजबजलेल्या चौकाच्या दीडपट.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "नसीर, हे तुम्ही कुठे ठेवलं होतं? इंजिनाच्या बॉयलरमध्ये?"

"साहेब, पहिला दिवस होता. यंत्र नवीन जागेला रुळायचं आहे."

"पुढच्या महिन्यात मुंबईहून वरची माणसं येणार आहेत. त्यांना मला स्वच्छ हवा दाखवायची आहे," साहेब म्हणाले. 'नाहीतर' हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. चांगले साहेब तो उच्चारत नाहीत.

घरी येऊन मी अंगणात उभा राहिलो आणि चहूकडे शत्रू शोधू लागलो. पहिला शत्रू दिसला तो कोंडाजी. वैशाख लागायच्या बेताला आमच्याकडे राब भाजतात. भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण, पाला, फांद्या पसरून पेटवून द्यायच्या. सगळं खोरं धुराने भरून जातं. लहानपणापासून तो धूर मी पाहत होतो, पण तो हवेत असतो हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"कोंडाजीकाका, सोमवारी आणि गुरुवारी राब भाजू नका. माझं यंत्र चालू असतं."

"राब भाजल्याबिगर रोप कसं यील? तुज्या खुराड्यात लावू का?"

"निदान मंगळवारी भाजा."

तो म्हणाला, "मंगळवारी भाजतो. पर वारं कवा सुटंल त्ये मला इचारू नगंस." एवढ्यावर तह झाला.

दुसरा शत्रू स्वयंपाकघराची खिडकी. यंत्रापासून दोन हातांवर ती होती आणि आबेदाच्या चुलीचा धूर थेट त्यातून बाहेर पडायचा. मी तिला सांगितलं, "सोमवार-गुरुवार खिडकी आणि अंगणाकडचं दार बंद ठेव. वायरीपुरती फट राहू दे, तिथे फडकं कोंब."

"आनि धूर कुटं जाईल?"

"आतच राहील की. आठ तासांचा तर प्रश्न आहे."

हे वाक्य मी बोललो. हवेतली धूळ मोजण्याचा सहा वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाने ते बोललेलं आहे. आबेदाने पदर नाकाला लावला आणि खिडकी लावून घेतली.

पुढचा कागद बघण्यासारखा निघाला. चौकाच्या निम्मा. त्यापुढचा पाव. मी अंगणात दोनदा पाणी शिंपडायचो, झाडू मंगळवारवर ढकलला होता, आणि समोरच्या रस्त्याने बैलगाडी आली तर कट्ट्यावरून उतरून ती हळू चालवायची विनंती करायचो. साहेबांनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली. मी कट्ट्यावर बसून चहा घ्यायचो, यंत्र शेजारी किंचाळत असायचं, आणि मोटर थांबली की बंद दारामागून आबेदाचा खोकला ऐकू यायचा. मला वाटायचं, बिचारीची पुण्याची धूळ अजून निघते आहे.

मुंबईची माणसं यायची ठरली, आणि तयारीसाठी साहेबांनी मला गुरुवारीही पुण्याला बोलावलं. यंत्र आबेदावर सोपवलं. तिला सगळं येत होतं. सकाळी आठला बटण दाबायचं, दुपारी चारला बंद करायचं, काळी बाजू आत घेऊन घडी घालायची, पाकीट चिकटवायचं. (माझ्यापेक्षा नीट करायची. माझ्या पाकिटांवर चहाचे डाग असत.) संध्याकाळी मी परतलो तेव्हा यंत्र कट्ट्यावर होतं, पाकीट फळीवर होतं, आणि आबेदा खोकत नव्हती. हे मला जाणवलं ते दुसऱ्या दिवशी.

वाटेत पाकीट उघडायचं नाही असा नियम आहे. मी नियमाचा माणूस. सहाच्या एस.टी.ने पाकीट मांडीवर धरून नेलं आणि मुंबईच्या तीन पाहुण्यांसमोर साहेबांच्या हातात दिलं. साहेब म्हणाले, "आता बघा, पौडची हवा."

त्यांनी घडी उलगडली. कागद काळा होता असं म्हणणं कमी पडेल. तो चिकट होता, चकाकत होता. एका पाहुण्याने तो नाकाजवळ नेला आणि म्हणाला, "याला सुके बोंबील भाजल्याचा वास येतो."

वजन केलं. साहेबांनी पुन्हा करायला सांगितलं. चौकाच्या वीसपट. मग पाहुण्यांनी विचारलं, "हे यंत्र कुठे होतं?" आणि मी, सहा वर्षांत पहिल्यांदा, खरं ते बोललो. "मला माहीत नाही साहेब."

घरी गेलो तेव्हा आबेदा चुलीपुढे होती. खिडकी सताड उघडी होती.

"काल यंत्र कुठे होतं?"

"हितं. चुलीपाशी. मी आन् कोंडाजीकाकांच्या घरच्या साळूबाईनं उचलून आत आनलं, चारला परत कट्ट्यावर ठिवलं. तुमीच म्हनला व्हता, त्ये हवा वढतं. म्हनलं अंगनातली चांगली हवा वढण्यापरीस हितला धूर वढू दे." भाकरी उलटून ती पुढे म्हणाली, "लई चांगलं यंत्र हाय. आठ तास मला खोकला न्हाई आला."

मी पाटावर बसलो. समोर चूल होती, वर काळं झालेलं आढं होतं, भिंतीवर हात फिरवला तर बोटं काळी झाली. ती जागा मी तीन वर्षं रोज बघत होतो. तिला मी शहरातून उचलून आणून चौकाच्या वीसपट काळ्या हवेत बसवलं होतं, आणि वर आठवड्यातून दोन दिवस खिडकीही लावून घेत होतो. मला रडू आलं. धुरामुळे आलं असं मी सांगितलं, आणि त्यावर तिने विश्वास ठेवला नाही.

पुण्याला नेऊन तिची छाती तपासली. डॉक्टर म्हणाले, जे गेलं ते परत येणार नाही, राहिलेलं सांभाळा. परतीच्या एस.टी.त ती खिडकीशी बसली होती आणि मी डॉक्टरांच्या कागदाची पुन्हा पुन्हा घडी घालत होतो. चांदणी चौक मागे पडल्यावर तीच म्हणाली, "तोंड पाडून नगा बसू. तुमाला ठावं नव्हतं." मला ठाऊक असणं हीच माझी नोकरी होती.

पंचायत समितीकडून निर्धूर चूल मिळवली. तिचं धुराडं भिंतीतून बाहेर काढलं. ते बरोबर यंत्राच्या डोक्यावर निघालं, आणि या वेळी मी ते तसंच राहू दिलं. पंधरा दिवसांत पौडचं नाव स्वच्छ हवेच्या यादीतून गेलं, जीप आली आणि यंत्र घेऊन गेली. कोंडाजीची म्हैस तेवढी खूश झाली.

साहेबांनी यंत्र पुण्याच्या त्याच गजबजलेल्या चौकात लावलं. "नसीर, आता याच्याजवळ माणूस हवा, म्हणजे कुणी उचलून स्वयंपाकघरात नेणार नाही. दिवसभर तुम्हीच बसत जा." तेव्हापासून मी सहाच्या एस.टी.ने जातो, आठ तास लोखंडी स्टुलावर बसतो आणि ट्रकांच्या धुरात यंत्राची राखण करतो. संध्याकाळी रुमाल काळा निघतो.

गेला महिनाभर मलाच खोकला लागला आहे. आबेदाचा पुष्कळ कमी झाला, चढ चढताना तेवढी थांबते. काल जेवताना मला अशी उबळ आली की घास खाली ठेवावा लागला. आबेदाने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

"पुन्याची धूळ हाय," ती म्हणाली. "निघंल हळूहळू. तीन वर्षं लागत्यात."