पीठ मळायच्या यंत्राचा मुक्काम

स्वयंपाकघरातलं यंत्र कसं निवडावं, हे मला विचारा! लोक दुकानात जाऊन रंग बघतात. मी झाकण लावून बघतो. 'टक्' वाजलं की माल अस्सल! लसूण ठेचायचं, अंडी सोलायचं, टोमॅटोच्या एकसारख्या चकत्या पाडायचं... माझ्या हातून आजवर एकही वाईट यंत्र घरात आलेलं नाही. नवा खोका फोडताना जो वास येतो ना, तो कुणी बाटलीत भरून विकला तर मी तोही घेईन.

माझी बायको दंतवैद्य आहे. जुना दात काढल्याशिवाय त्या जागी नवा बसत नाही, हे ती दिवसभर पेशंटांना समजावते आणि संध्याकाळी मला. फळीवरून गाजर किसायचं यंत्र तिच्या डोक्यात पडलं, त्या दिवशी घरात कायदाच झाला. एक आत, तर एक बाहेर!

आता फळीवरच्या माझ्या नऊ लेकरांतलं कोणतं बाहेर काढावं, हे कोणत्या बापाला ठरवता येईल?

आणि नेमकं तेव्हाच मला पीठ मळायचं यंत्र दिसलं. लालभडक, भारदस्त, पोटाशी स्टीलचं पातेलं धरून काचेमागे उभं होतं. झाकण लावलं. टक्! मी तर विरघळलोच.

घेतलं खरं, पण घरी न्यायचं कसं? मी खोका छातीशी धरून आमच्या दारावरून चोरासारखा एक मजला आणखी चढलो. वर घड्याळं दुरुस्त करणारे काका एकटेच राहतात. जेवण म्हणजे उकडलेलं अंडं, नाश्ता म्हणजे दुसरं उकडलेलं अंडं. ओटा क्रिकेटच्या मैदानासारखा मोकळा.

"काका, हे चार दिवस ठेवाल का?"

"ठेव की! पण आत काय आहे?"

"मोटर आहे, गिअर आहेत..."

'गिअर' म्हटल्यावर काकांचे डोळे लकाकले. मी तिथेच सावध व्हायला हवं होतं!

चार दिवसांचे दोन महिने झाले. एकट्या यंत्राला करमणार नाही म्हणून मी सोबतीला वाफवायचं एक आणि मसाला दळायचं एक, अशी दोन भावंडंही आणून ठेवली. रोज संध्याकाळी "काकांकडे घड्याळ दाखवून येतो" म्हणून वर जायचो, यंत्रांवरून फडकं फिरवायचो आणि तृप्त होऊन खाली यायचो.

"अहो, आपल्या घरात घड्याळ एकच आहे," बायको एकदा म्हणाली, "आणि ते बरोबर चालतं."

"म्हणूनच! बिघडायच्या आधी दाखवलेलं बरं. तूही दातांबद्दल हेच सांगतेस ना?"

मी स्वतःवर खूश!

मग एके दिवशी जिन्यात ताज्या पावाचा वास आला. असा वास, की तिसऱ्या मजल्यावरचे कायम भांडणारे वकीलसाहेबही दार उघडून हसले. बायको वासामागोमाग वर गेली आणि काकांच्या दारातूनच अर्धा पाव घेऊन परतली.

"काकांनी केलाय! काय माणूस आहे! अंड्याशिवाय काही येत नव्हतं, आणि आता बघा. शिका जरा!"

काकांनी माझं यंत्र खोलून, त्याचा वेग घड्याळासारखा जुळवून, पीठ मळायला सुरुवात केली होती. मला न विचारता! मी दोन महिन्यांत त्याचं बटणसुद्धा दाबलं नव्हतं. रविवारी गुपचूप घरी आणायचं, बायकोला पहिला पाव खिलवायचा आणि मग कायदा रद्द करून घ्यायचा, असा माझा बेत होता. पहिला पाव तर ती खाऊन बसली!

त्यावर कळस म्हणजे तिला एक कल्पना सुचली.

"आपल्याकडची यंत्रं नुसती धूळ खातायत. काकांना देऊन टाकू. त्यांच्या हाताला गुण आहे."

"सगळी?"

"सगळी. चला, उचला!"

नऊ लेकरं टोपलीत भरून मी वर निघालो. मागून बायको, लेकी चांगल्या घरी दिल्यासारखी प्रसन्न. काकांनी दार उघडलं, टोपली पाहिली आणि भाबडेपणानं म्हणाले, "अरे, आणखी? डॉक्टरीणबाई, तुमच्या नवऱ्याची आधीची तीन तर इथेच आहेत!"

बायको माझ्याकडे वळली. दवाखान्यात ड्रिल सुरू करायच्या आधी पेशंटकडे वळते तशी.

"आधीची तीन?" बायको म्हणाली.

"अगं, त्याचं असं आहे..."

"आ करा आणि खरं सांगा!"

मी खरं सांगितलं. झाकण, टक्, दोन महिने, फडकं, सगळं. शेवटी हात जोडून म्हणालो, "बाकीची अकरा राहू देत इथे. ते लाल तेवढं घरी नेऊ दे!"

बायकोनं ओट्यावरच्या पावाचा तुकडा तोडला. चावला. डोळे मिटले.

"नाही," ती म्हणाली. "ते इथेच राहील. आणि तुम्ही रोज इथे येऊन शिकाल. काका, चालेल ना?"

"चालेल की! मलाही बोलायला माणूस हवाच होता."

मी आनंदानं यंत्राकडे धावलो. काकांनी माझ्या हातावर चापटी मारली.

"हात लावू नकोस! कालच जुळवलंय. आधी कांदे चिर."

"कशाने?"

"सुरीने."

आता तीन आठवडे झाले. रोज काकांच्या ओट्याशी आम्ही तिघं जेवतो, हसतो, आणि माझं यंत्र माझ्या डोळ्यांसमोर दुसऱ्याचं पीठ मळतं. पण काकांनी शब्द दिलाय. माझे कांदे असेच एकसारखे चिरले गेले, तर येत्या रविवारी मला बटण दाबायला मिळणार आहे! बंद करायचं बटण. चालू ते स्वतःच करतात.