अकरा इमारती, एक डबा

माणसाचं हृदय कधी आणि कुठे दगा देईल याचा नेम नसतो. म्हणूनच त्याने तो कुठे द्यावा, याची यादी प्रशासनाला आधीच करून ठेवावी लागते. नागपुरात विभागीय नागरी सुविधा मंडळाने अशा अकरा जागा मुक्रर केल्या होत्या. अकराही मंडळाच्याच इमारती. तिथे कोसळणाऱ्या कोणत्याही नागरिकाला, जात-धर्म-वय न पाहता, एईडीचा लाभ मिळणार होता. (एईडी म्हणजे ठोके बिघडून माणूस पडला की छातीला विजेचा झटका देऊन ते ताळ्यावर आणणारं यंत्र. ते लाल रंगाचं आणि जेवणाच्या मोठ्या डब्याएवढं असतं, म्हणून मंडळात सगळे त्याला 'डबा' म्हणत.) बाराव्या जागी कोसळणाऱ्यांबाबत नियम काही म्हणत नव्हते. नियमांनी सगळ्यांचंच मनावर घ्यायचं म्हटलं तर कसं व्हायचं?

'प्रत्येक इमारतीत डबा उपलब्ध असावा,' असं चौथं कलम सांगत होतं. डबे अकरा मागवले; एक आला. अशा वेळी सामान्य माणूस खचतो. अधीक्षक ईश्वरदास निनावे खचले नाहीत. त्यांनी कलम तीनदा वाचलं आणि त्यात 'एकाच वेळी' हे शब्द नाहीत, हे शोधून काढलं. तपासणी पथक दिवसाला एकच इमारत पाहत असे, आणि कोणती ते आठवडाभर आधी कळवत असे. तेव्हा पथक जिथे, डबा तिथे. डबा पोहोचवण्याची जबाबदारी मेघा रामटेके या कंत्राटी सहायिकेवर सोपवण्यात आली. त्याची कारणं तीन: डबा चालवण्याचं प्रशिक्षण शनिवारी असल्याने ते तिने एकटीनेच घेतलं होतं, तिच्याकडे स्कूटी होती, आणि तिचं कंत्राट दर मार्चअखेर नव्याने होत असल्यामुळे तिला नाही म्हणता येत नव्हतं. (तिसरं कारण कागदावर नाही.)

चौदा महिने मेघाने दोन पायांच्या मध्ये, गॅसचं सिलेंडर न्यावं तसा, डबा नेला. मनीषनगरच्या घरून निघायची, आदल्या दिवशीच्या इमारतीतून तो उचलायची, दुसऱ्या इमारतीत टांगायची. वार्षिक अहवालात उपलब्धता शंभर टक्के नोंदली गेली. (बारकाईने पाहिलं तर ती एका वेळी नऊ टक्के होती, पण सातत्याने.) डब्याचा हिरवा दिवा कधी विझला नाही, आतल्या दोन चिकटपट्ट्यांचं पाकीट कधी फुटलं नाही, वापर शून्य. उत्तम देखभालीचं प्रमाणपत्र मिळालं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी अकरा चाळीसला, हे सगळं बिघडलं. महाल या जुन्या वस्तीतल्या एका गल्लीत, ब्लाउजपीसच्या दुकानासमोर, बाबाराव हेडाऊ हे सदुसष्ट वर्षांचे घड्याळदुरुस्तीवाले कोसळले. मंडळाची महालातली इमारत तिथून तीनशे दहा मीटरवर होती. थोडा दम धरला असता तर पुढचा सगळा पत्रव्यवहार टळला असता.

गर्दीमुळे मेघाची स्कूटी तिथेच अडली होती. तिने डबा उघडला, पट्ट्या लावल्या. डबा मराठीतून स्पष्ट बोलला, "रुग्णाला कोणीही स्पर्श करू नये." गर्दीने ही सूचना तंतोतंत पाळली, खरं तर यंत्र बोलण्याआधीपासूनच पाळत होती. मग झटका, मग मेघाने छाती दाबणं. रुग्णवाहिका येण्याआधीच, चौथ्या मिनिटाला, बाबारावांनी डोळे उघडले आणि विचारलं, "दुकान उघडं राह्यलं काय गा?"

ते रामदासपेठेतल्या इस्पितळातून बाराव्या दिवशी घरी आले. मेघाला नोटीस मात्र ते कोसळले त्याच दिवशी, चाळीस मिनिटांत मिळाली. आणीबाणीत एवढा जलद प्रतिसाद मंडळाच्या इतिहासात दुसरा नाही. आरोप तीन होते. एक, यंत्र अनोंदणीकृत जागी उघडलं. दोन, ते वापरलं. तीन, वापरल्यामुळे ते वापरण्यास सज्ज राहिलं नाही. समाधानकारक खुलासा न आल्यास कंत्राटाचं नूतनीकरण होणार नव्हतं. एकतीस मार्चला आठ दिवस राहिलेले असताना मेघाने एका ओळीत खुलासा दिला: 'त्या दिवशी महालात तपासणी असल्याने, अधीक्षकांच्या तोंडी सूचनेनुसार, डबा तिकडे नेत होते.'

निनावेंनी ती ओळ वाचली आणि पंखा वाढवला.

"काहून वं मेघा, असं लिहितात काय?"

"खरं तेच लिहिलं सर."

"खरं सांगायचं असते. लिहायचं नसते." त्यांनी कागद घडी करून खिशात घातला. "हे वर गेलं तं तूही जाशील अन् मीही. हे पाह्य, डब्याची चूक नाही. तुही नाही, माही तं नाहीच. माणूस चुकीच्या जागी पडला. डब्याची जागा मागच्या तारखेने बदलता येत नाही, त्याची रोजची नोंद आहे. माणसाची आहे काय?"

"म्हणजे, सर?"

"म्हणजे तो आपल्या इमारतीत पडला होता. फक्त फोटो काढायचा राहिला."

मराठी प्रशासनात खर्चाला कार्योत्तर मंजुरी असते, बांधकामाला असते, क्वचित लग्नालाही असते. कोसळण्याला ती पहिल्यांदाच मिळत होती.

मेघा बाबारावांच्या दुकानात गेली ती माफी मागायलाच. सगळं ऐकून बाबारावांनी डोळ्यावरचं भिंग काढलं.

"पण मी कुठं पडलो ते मले माहीत आहे ना वं."

"निनावे सर म्हणतात, तुम्ही बेहोश होते. बेहोश माणसाची साक्ष धरत नाहीत."

"अन् ते गर्दीतले?"

त्यांचंही झालं होतं. चौकशीसाठी चव्वेचाळीस ओळींचा तक्ता काढला गेला; गल्लीतल्या त्रेचाळीस जणांनी त्यात सह्या केल्या. 'आपण कोणत्या जागी उभे होता?' या रकान्यात त्रेचाळीस वेगवेगळी उत्तरं आली. 'आपण काय केले?' या रकान्यात मात्र दुर्मीळ एकमत होतं: 'पाहिले.' (त्यांतले सव्वीस जण मोबाइलमधून पाहत होते. एकेचाळीस सुशिक्षित होते.)

"तुही नोकरी जाईन काय याच्यानं?" बाबारावांनी विचारलं.

मेघाने पर्समधली नोटीस काढून पुढे ठेवली. बाबारावांच्या पत्नी पंचफुलाबाई मागच्या खोलीतून बाहेर आल्या.

"जाईन काय म्हून विचारता? चला. एकदा फुकट पडले, आता कामानं पडा."

सत्तावीस मार्चला महालच्या इमारतीत, तळमजल्यावर, जिन्याच्या डाव्या बाजूला बाबाराव विधिवत कोसळले. उपस्थित: अधीक्षक, छायाचित्रकार, मेघा, पंचफुलाबाई आणि चहा. पंचफुलाबाईंनी चटई आणली होती. ती नियमात बसत नसल्याने काढायला लावली.

"फरशी गार लागून राहिली वं," बाबाराव म्हणाले.

"त्या दिवशी नाही लागली गार? नीट पडा. डावा हात वर होता. अन् तोंड असं उघडं नव्हतं."

"तू कुठं होती पाहाले?"

"मोबाइलात पाह्यलं मी. साऱ्या महालानं पाह्यलं. एक मायचा लाल खाली वाकला नाही, ही पोरगी सोडून." एवढं बोलून त्या पदराने नवऱ्याच्या कपाळावरची धूळ पुसू लागल्या. छायाचित्रकाराला थांबावं लागलं. धूळ हवी होती.

पहिल्या फोटोत बाबाराव हसत होते, तो बाद झाला. चौथा मंजूर झाला.

तीस मार्चला मेघाच्या हातात नूतनीकरणाचा आदेश पडला. त्यात एक अट होती: यापुढे तिने डबा नोंदणीकृत जागेबाहेर नेऊ नये. डबा मुख्य कार्यालयात, निनावेंच्या खुर्चीमागे, सहा बोल्ट मारून काचेच्या कपाटात बसवला आहे. चावी निनावेंकडे असते. निनावे साडेपाचपर्यंत असतात. उरलेल्या दहा इमारतींत डब्याचं मूळ आकाराचं रंगीत छायाचित्र लावलं आहे. 'दृश्य स्वरूपात उपलब्ध' असा शेरा पथकाने दिला. हिरवा दिवा छायाचित्रातही चालू आहे आणि तो विझण्याची भीती नाही.

मेघा अजूनही महालातून जाते. बाबाराव दुकानातून हाक मारतात, "काय वं, आज डबा?" ती पाय जरा बाजूला करून स्कूटीची रिकामी जागा दाखवते. "मग मी आज नाही पडत," म्हणतात आणि भिंग पुन्हा डोळ्याला लावतात. पंचफुलाबाई हसत नाहीत. गल्लीत रोजची गर्दी असते आणि त्या ती मोजत बसतात.

प्रकरण बंद झालं; फाइल रीतसर आहे. फक्त साक्षीदारांच्या तक्त्यातली चव्वेचाळिसावी ओळ कोरी राहिल्याचा आक्षेप लेखापरीक्षणात निघाला आहे. माणूस कोसळल्यापासून शेवटपर्यंत जो हलला नाही, ज्याने सगळं नीट पाहिलं, अधूनमधून हसलाही, आणि स्वतःच्या गल्लीतला डबा कुठे आहे हे ज्याला विचारूनही सांगता येणार नाही, अशा एका सुशिक्षित नागरिकाची सही तिथे हवी आहे. पेन आणायची गरज नाही. आपण आलात की कार्यालयातून मिळेल.